स्टिअरिंग लॉक अडले तर काय करावे?

वाराणसीहून मिर्झापूर, रेवा, जबलपूरमार्गे नागपूरला येणारा आणि पुढे कन्याकुमारीपर्यंत जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ आता निरनिराळ्या क्रमांकांत विभागला गेला आहे. विदर्भातून स्वतःच्या मोटारीने काशीला जाणाऱ्यांची वाट मात्र बव्हंशी तीच राहिली आहे. काशीत पोहोचल्यावर मोटारीचा फारसा उपयोग नसतो. मैदागिन ते गोदौलिया या पट्ट्यात गर्दीच्या दिवसांत चारचाकींना मज्जाव असतो आणि घाटांकडे जाणाऱ्या गल्ल्यांत दुचाकीही मुश्किलीने शिरते. त्यामुळे मोटार वाहनतळावर दोन-तीन दिवस एकाच जागी उभी राहते. परतीच्या वेळी किल्ली फिरत नाही, चाक हलत नाही, बटण दाबले तरी इंजिन दाद देत नाही. अशा वेळी दोष पुष्कळदा इंजिनात नसतो, तो स्टिअरिंगच्या कुलपात असतो.

साध्या मोटारीत हे प्रकरण गल्लीतला मिस्त्रीही निस्तरू शकतो. स्पोर्ट्स कारची गोष्ट वेगळी आहे. ती जमिनीलगत असते, तिचे कुलूप बहुधा विजेवर चालते आणि ती महिन्याचे बरेच दिवस झाकून ठेवलेली असते. ही तिन्ही कारणे बिघाडाच्या वेळी एकदम भोवतात.

कुलूप कसे चालते?

स्टिअरिंगच्या चाकापासून खाली जाणाऱ्या दांड्यावर खाचा असलेले एक कडे बसवलेले असते. किल्ली काढली की स्प्रिंगच्या जोराने एक पोलादी अडसर बाहेर येतो आणि खाचेत बसतो. दुचाकीचे हँडल लॉक ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवे काही नाही. चोराने तारा जोडून इंजिन चालू केले तरी त्याला मोटार वळवता येऊ नये, एवढाच यामागचा हेतू. तत्कालीन पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये नव्या मोटारींना असे कुलूप सक्तीचे केले आणि १९७० पासून अमेरिकेतही चोरीविरुद्धचे नियम लागू झाले.

अडसर बाहेर येताना समोर खाच नसेल तर तो दोन खाचांमधील उंचवट्यावर टेकून राहतो आणि चाक थोडे फिरताच ‘खट्’ आवाज करून आत बसतो. नेमकी येथेच सर्वांत सामान्य अडचण जन्म घेते. चाके वळलेल्या स्थितीत किंवा कडेच्या दगडाला टेकवून मोटार उभी केली, तर पिळलेले टायर सरळ होऊ पाहतात. तो सगळा ताण दांड्यावाटे अडसरावर येतो. अडसर खाचेच्या भिंतीला घट्ट दाबला जातो आणि किल्ली त्याला मागे ओढू शकत नाही. याला बिघाड म्हणणेच चुकीचे आहे. एका हाताने स्टिअरिंग ज्या बाजूला किंचित हलते त्या बाजूला दाबून धरावे आणि दुसऱ्या हाताने किल्ली हलकेच फिरवावी. ताण सुटला की कुलूप उघडते. जोर स्टिअरिंगवर द्यायचा असतो, किल्लीवर नव्हे. किल्लीवर जोर दिल्यास ती कुलपात मोडते आणि मग खरा बिघाड सुरू होतो.

ताण नसतानाही किल्ली अडत असेल तर दुसरी किल्ली लावून पाहावी. वर्षानुवर्षे वापरलेल्या किल्लीचे दाते झिजतात, कमी वापरलेली जोडकिल्ली मात्र चालते. कुलपात तेल सोडू नये. तेलावर धूळ बसून चिकटा होतो. कुलपासाठी ग्राफाइटची कोरडी भुकटी योग्य.

विजेवरचे कुलूप

बटण दाबून सुरू होणाऱ्या मोटारींत अडसर लहान विद्युत मोटरने हलतो. किल्लीतील सांकेतिक खूण मोटारीच्या संगणकाने ओळखली की ती मोटर अडसर मागे घेते. अडसर पूर्ण मागे गेल्याची खात्री एक संवेदक देतो आणि त्यानंतरच इंजिनाला सुरू होण्याची परवानगी मिळते. म्हणजे अडसर मागे गेला असूनही संवेदकाने खबर दिली नाही, तर मोटार जागची हलत नाही. समोरच्या पट्टीवर किल्लीचे किंवा स्टिअरिंगचे चिन्ह लागते आणि चालक स्टार्टर बदलण्याच्या गोष्टी करू लागतो.

सर्वप्रथम तपासावी ती बॅटरी. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या खाली असेल तर ती जवळपास रिकामी आहे असे समजावे. आतले दिवे लागतात म्हणून बॅटरी चांगली आहे, हा तर्क फसवा आहे. पौष-माघात काशीत दाट धुके आणि कडाक्याची थंडी असते; थंडीत बॅटरीची ताकद घटते. त्यात स्पोर्ट्स कार अनेक दिवस उभी असेल तर तिची धोक्याची घंटा आणि संगणक बॅटरी थेंबाथेंबाने पीत राहतात. काही मोटारींत तर बॅटरी डिकीत आणि डिकी विजेवर उघडणारी, अशी विचित्र सोय असते. अशा वेळी मालकाच्या पुस्तिकेत दिलेली साधी किल्ली व बाहेरून वीज जोडण्याचे टोक कोठे आहे, हे प्रवासापूर्वीच पाहून ठेवावे.

बॅटरी ठीक असूनही कुलूप उघडत नसेल, तर बटण दाबत असताना स्टिअरिंगच्या दांड्यावरील कुलपाच्या डबीवर मऊ वस्तूने हलके टोले दिल्यास अडकलेली मोटर कधीकधी सुटते. सुटली तरी तो उपाय घरी पोहोचण्यापुरताच. अनेकजण पुढे कुलूप उघड्या स्थितीत असताना त्याचा फ्यूज काढून ठेवतात. ही युक्ती सर्व मोटारींत चालत नाही. शिवाय चोरीविरुद्धचे साधन मालकानेच निकामी केल्याचे उघड झाल्यास विमा कंपनीला हरकतीचे निमित्त मिळते. चोरीच्या दाव्यात विमा कंपन्या दोन्ही मूळ किल्ल्याही मागतात, हे ध्यानात ठेवलेले बरे. नवे कुलूप बसवल्यावर ते मोटारीच्या संगणकाशी सांकेतिक पद्धतीने जुळवावे लागते. हे काम अधिकृत यंत्रणेशिवाय सहसा होत नाही.

ओढून नेण्याचा प्रश्न आणखी बिकट. पुढची चाके वळलेल्या स्थितीत कुलूपबंद असतील तर मोटार मागून ढकलली तरी सरळ जात नाही. दोरी बांधून ओढण्याचा तर विचारही करू नये. चाकांखाली फिरत्या पाट्या सरकवून ती रुंद रस्त्यापर्यंत आणावी आणि ‘फ्लॅटबेड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सपाट तळाच्या ट्रकवर चढवावी. तो ट्रक गल्लीत येणार नाही. म्हणून मोटार मुळातच मोठ्या वाहनतळावर, चाके सरळ ठेवून उभी करणे शहाणपणाचे. पावसाळ्यात नदीकाठचा वाहनतळ टाळावा. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे आणि १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. जमिनीलगतच्या मोटारीत पाणी लवकर शिरते आणि कुलपाची विद्युत जोडणी गंजली की दोष महिन्यांनंतर वर येतो.

खरा धोका कोठे आहे?

मोटार सुरू न होणे हा मनस्ताप आहे. चालत्या मोटारीचे स्टिअरिंग अडकणे हा जिवावरचा प्रसंग. म्हणूनच या कुलपाची रचना अशी असते की बिघडायचेच असेल तर त्याने उभ्या मोटारीत बिघडावे. ही रचनाही फसू शकते. जनरल मोटर्सने २००४ मध्ये १९९७ ते २००४ या वर्षांतील सव्वा लाखाहून अधिक शेवरोले कॉर्व्हेट स्पोर्ट्स कार परत बोलावल्या, त्या याच कारणासाठी. कुलूप उघडले नाही आणि मोटार हलली, तर इंजिनाचे इंधन तोडायचे, अशी तिच्यात व्यवस्था होती. विशिष्ट परिस्थितीत इंधन तुटतच नव्हते आणि स्टिअरिंग बंद असतानाही मोटार वेग घेऊ शकत होती. चोराला अडवणारे साधन मालकालाच अडवू लागले.

आपल्याकडे धोक्याचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे उतारावर इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करण्याची सवय. मिर्झापूर जिल्ह्यातील ड्रमंडगंजच्या घाटासारख्या उतारावर असे केल्यास स्टिअरिंगची आणि ब्रेकची यांत्रिक मदत संपते. झिजलेल्या कुलपातून किल्ली निसटली तर अडसरही बाहेर येऊ शकतो. इंजिन चालू असताना किल्ली बाहेर येते, असे ज्यांच्या लक्षात आले असेल त्यांनी ती मोटार दुरुस्तीपर्यंत वापरू नये. उभ्या मोटारीत न फिरणाऱ्या किल्लीपेक्षा हा दोष कितीतरी गंभीर आहे, आणि तो त्रास देत नसल्यामुळे दुर्लक्षित राहतो.

निर्मितीतील दोषाची शंका असल्यास मालकाला कायद्याचा आधार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ घालण्यात आले. त्यानुसार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले असून ते सात वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी आहेत. तक्रार परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर नोंदवता येते. किती तक्रारी आल्यावर हालचाल व्हावी हे वाहनाच्या वार्षिक विक्रीशी जोडलेले आहे. मोजक्याच विकल्या गेलेल्या स्पोर्ट्स कारच्या मालकांना म्हणूनच एकमेकांचा शोध घ्यावा लागतो. कंपनीने स्वतःहून मोहीम जाहीर केली असेल तर चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून ते कळते आणि दुरुस्ती विनामूल्य होते. जुनी मोटार विकत घेणाऱ्याने ही तपासणी व्यवहारापूर्वी करावी, आणि दोन्ही किल्ल्या ताब्यात घेऊन त्या कुलपात फिरवून पाहाव्यात.