नोकरीत असताना अपंगत्व आले तर? शासकीय कर्मचाऱ्यांचे हक्क

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ रेल्वे, टपाल खाते, महापालिका, एसटी किंवा शासकीय कचेऱ्यांतील नोकरीवर चालतो. कधी अपघात होतो, कधी पक्षाघाताचा झटका येतो, कधी मधुमेहाने दृष्टी जाते. कर्ता माणूस घरी बसतो आणि थोड्याच दिवसांत सल्ला मिळतो : "आता तुमच्याने काम होणार नाही, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या." अशा अर्जावर सही करण्यापूर्वी कायदा काय सांगतो हे प्रत्येकास ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

भारतीय संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदानुसार धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान वा निवासस्थान यांवरून शासकीय नोकरीत भेदभाव करता येत नाही. या यादीत अपंगत्वाचा उल्लेख नाही. ती उणीव प्रथम १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने आणि त्यानंतर त्याची जागा घेणाऱ्या 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' या कायद्याने भरून काढली.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या कायद्याचे विसावे कलम आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही वा खालच्या पदावर आणता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह दुसरे काम द्यावे लागते. असे पद उपलब्ध नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवता येते. केवळ अपंगत्वामुळे बढती नाकारता येत नाही. मात्र कामाचे स्वरूप पाहून सरकार काही आस्थापनांना भेदभावबंदीतून सूट देऊ शकते.

'शासकीय आस्थापना' या संज्ञेत शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही येतात. तेव्हा आपल्या अनुदानित शाळांच्या व्यवस्थापनांनीही हे कलम लक्षपूर्वक वाचावे. इतरांकडे न्याय मागताना आपल्याच घरी तो नाकारला जाऊ नये.

एक बोलका निवाडा

पंजाब राज्य विद्युत मंडळातील एका साहाय्यक लाइनमनची दृष्टी १९९४ साली नोकरीत असताना पूर्णपणे गेली. आपले हक्क ठाऊक नसल्याने त्याने स्वतःच निवृत्तीचा अर्ज केला व मंडळाने तो मंजूर केला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. कायदा जाणणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याला त्याचे हक्क समजावून सांगावयास हवे होते. त्याच्या अज्ञानाचा लाभ घेणे योग्य नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

काय करावे?

घाईने निवृत्तीच्या अर्जावर सही करू नये. अपंगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन पर्यायी कामासाठी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. दाद न मिळाल्यास कार्यालयातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. नोंदीपासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करणे अपेक्षित आहे. तेथेही समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. राज्याच्या कर्मचाऱ्यांना पुणे येथील दिव्यांग आयुक्तांकडे, तर केंद्राच्या कर्मचाऱ्यांना दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडेही दाद मागता येते.

श्रद्धेचा प्रकाश

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्सर्चेन्स' या मानवी श्रमाविषयीच्या परिपत्रात अपंग बंधुभगिनींचा आवर्जून विचार केला. धडधाकट असलेल्यांनाच कामात स्थान देणे म्हणजे सबळांनी दुर्बळांविरुद्ध केलेला गंभीर भेदभाव होय, अशी त्यांची शिकवण आहे. माणसाची किंमत त्याच्या कार्यक्षमतेवरून ठरत नाही.

आपल्यापैकी काही जण आज अधिकारपदावर आहेत. एखाद्या आजारी सहकाऱ्याची फाईल त्यांच्या टेबलावर येईल, तेव्हा त्यामागचे कुटुंब त्यांना दिसावे. आणि ज्यांच्या घरी असा प्रसंग ओढवला आहे, त्यांनी संकोच न करता आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. हक्क मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.