पोटातले विरजण

मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाच्या पुस्तकाशी माझा संबंध सुटला तो सुटलाच. तेव्हा जीवाणूंवर लेख लिहिणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास, हे मी जाणून आहे. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे घडले, त्यामुळे मला हा विषय टाळता येईना.

धाकट्या भावाला सर्दी होऊन ताप आला. मागच्या खेपेला लागू पडल्या होत्या त्याच गोळ्या आबांनी तालुक्याच्या गावातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायच आणल्या. ताप उतरला, पण चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले. आईने गोळ्यांचे पाकीट माझ्या हाती दिले. म्हणाली, "तू कॉलेजात जातीस न्हवं? वाच बघू काय लिवलंय." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पाकिटावरचे इंग्रजी मी वाचले. अर्थ मात्र सांगता आला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला लावल्या, क्षारसंजीवनीचे पाणी घोट-घोट पाजायला सांगितले आणि म्हणाले, "सर्दी विषाणूमुळे होते. त्यावर ही गोळी चालतच नाही. उलट पोटातले चांगले जंतू मात्र मेले."

चांगले जंतू! शाळेत जंतू म्हणजे पटकी, क्षय आणि विषमज्वर एवढेच शिकले होते. भाऊ बरा झाल्यावर मी ग्रंथालयात जाऊन बसले.

माणसाच्या शरीरातले जीवाणू प्रथम पाहिले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने. स्वतः घासलेल्या भिंगाखाली त्याने आपल्याच दातांवरचा मळ ठेवला, तर त्यात जीव वळवळताना दिसले. १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने तसे कळवले. या गृहस्थाने विद्यापीठाचे तोंडही पाहिले नव्हते, हे वाचून मला थोडा धीर आला.

आपल्या पेशींच्या दसपट जीवाणू अंगात असतात, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. २०१६ साली सेंडर, फुक्स आणि मिलो या शास्त्रज्ञांनी नव्याने हिशेब मांडला. सत्तर किलो वजनाच्या पुरुषात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू आणि सुमारे ३० लाख कोटी पेशी, म्हणजे जवळजवळ बरोबरीचाच सामना! या साऱ्या जीवाणूंचे वजन मात्र अवघे २०० ग्रॅमच्या आसपास. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

ते तेथे फुकट राहत नाहीत. भाकरीतला, डाळीतला, पालेभाजीतला चोथा आपल्या पाचकरसांना पचत नाही. हे जीवाणू तो आंबवतात आणि त्यातून काही आम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपले बरेचसे पोषण त्यांतल्याच एका आम्लातून मिळवतात. काही जीवाणू 'के' जीवनसत्त्वही बनवतात. पण मला सर्वांत पटले ते त्यांचे आणखी एक काम, कारण ते शेतातले आहे. रान पिकाने भरलेले असले की तणाला जागा मिळत नाही. तणनाशकाने पीकही जळाले, तर मोकळ्या रानात पहिल्यांदा माजते ते तणच. प्रतिजैविक गोळीने आतड्यात असेच होऊ शकते. या गोळ्यांना मी नावे ठेवत नाही. न्यूमोनियात आणि विषमज्वरात त्यांनीच असंख्य माणसे वाचवली आहेत. पण सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

आबांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या गोळीला कळत न्हाई व्हय, चांगला कोण अन् वाईट कोण?"

"नाही कळत, आबा."

आजीला समजावणे त्याहून सोपे गेले. बाळ जन्मताना आईच्या अंगावरचे जीवाणू त्याला लागतात, तेच त्याचे पहिले विरजण. पुढे तर मला नवलच वाटले. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या पोटातल्या जीवाणूंसाठी! आई एकाच वेळी दोघांना जेवू घालते. "आन् इरजण मेलं तर?" आजीने विचारले. घरचे विरजण बिघडले तर आपण शेजारून आणतो. डॉक्टरांनीही तेच केले आहे. प्रतिजैविकांनंतर काही रोग्यांच्या आतड्यात एक चिवट जीवाणू माजतो आणि जुलाब काही केल्या थांबत नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या हॉलंडमधल्या एका अभ्यासात अशा १६ रोग्यांना निरोगी माणसाची विष्ठा पाण्यात कालवून, गाळून, नळीने आतड्यात दिली. त्यांतले १३ जण पहिल्याच खेपेला बरे झाले. आजीने पदर नाकाला लावला, पण ऐकले सगळे.

तिच्या दह्याबद्दल मात्र मला खरे सांगावे लागले. दही चांगलेच, पण त्यातले बहुतेक जीवाणू आतड्यात घर करून राहत नाहीत. ते पाहुणे; आले तसे जातात. हे तिला आवडले नाही. त्या दिवशी ताटात मला दही वाढले नाही.

या दिवाळीत आबांनाच सर्दी-ताप झाला. या वेळी ते दुकानात न जाता डॉक्टरांकडे गेले आणि म्हणे पहिलाच प्रश्न केला, "गोळी लागंलच का?" डॉक्टरांनी विश्रांती घ्या, गरम पाणी प्या एवढेच सांगून परत पाठवले. एस.टी.चे जायचे-यायचे भाडे वाया गेले, म्हणून घरी येऊन ते माझ्यावर संध्याकाळपर्यंत कुरकुरत होते.