सरकारी ऑर्डर आणि तारखेची पोच



उसाची गाडी काट्यावर गेली की वजनपावती हाती पडल्याशिवाय आपला माणूस तिथून हलत नाही. तोच माणूस सरकारी कार्यालयाला माल देताना मात्र भोळा होतो.

दर्यापूरकडच्या एका सभासदाच्या मुलाचे वेल्डिंगचे दुकान आहे. एका कार्यालयाने त्याच्याकडून लोखंडी मांडण्या घेतल्या. पोच शिपायाच्या सहीची, तीही बिनतारखेची. पुढे साहेब बदलले. नवे साहेब म्हणाले, माल कधी आला, कोणी तपासला, आम्हांस काय ठाऊक? "लय फिरवलं बाप्पा, पेट्रोलातच नफा गेला," असे तो सांगत होता.

वास्तविक 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने लहान पुरवठादाराच्या हाती चांगले हत्यार दिले आहे. लेखी करार असल्यास ठरल्या तारखेला, पण माल स्वीकारल्यापासून फार तर 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. करार नसल्यास 15 दिवसांत. चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ! आपल्या उसाला 1966 च्या आदेशाने 14 दिवसांची मुदत आणि उशिराला 15 टक्के व्याज आहे, त्याच जातीची ही तरतूद. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. म्हणजे सगळे अडते ते एका तारखेवर.

या हक्कासाठी उद्यम नोंदणी हवी. ती 1 जुलै 2020 पासून सुरू आहे; आधार व पॅन लागते, फी काही नाही. कोणी पैसे मागितले तर सरळ जिल्हा उद्योग केंद्रात जावे. नुसत्या शेतीची नोंदणी होत नाही. गूळ, अवजारे, शिलाई, दुरुस्ती यांची होते. आणि नोंदणी आधी, पुरवठा मागाहून. आमच्या वेल्डरने नेमके उलटे केले, सबब त्याचे जुने बिल अडचणीत आहे.

केंद्राची खाती व उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी 25 टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावी, त्यात 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून, असे धोरण आहे. जिल्हा परिषदेला ते लागू नाही. तिथे राज्याचे खरेदी नियम चालतात, हा घोळ पुष्कळांचा होतो. 2016 साली निघालेल्या 'जेम' या सरकारी बाजारावर घरबसल्या नाव नोंदवता येते. तिथेही माल मिळाल्याचे व स्वीकारल्याचे प्रमाणपत्र निघाल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही.

पैसे थकलेच तर सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. निकाल पुरवठादाराच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला तो न्यायालयात उलटवायचा असला, तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

त्या मुलाने आता पोचवही केली आहे, मध्ये कार्बन घालून. घेणाऱ्याचे नाव, हुद्दा, तारीख आणि शिक्का पडल्याखेरीज तो गाडीची दोरी सोडत नाही.