पहाटेचे आजोबा, मध्यरात्रीचा नातू

पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत मुंबईतल्या मढच्या कोळीवाड्यातल्या होड्या किनाऱ्यावर येतात. पहाटे पडवीत आजोबा डोलीचं जाळं पायाच्या अंगठ्याला अडकवून तुणत बसतात. शेजारचे दोघं येऊन टेकतात, गप्पा रंगतात. नातू रविवारी दहाला उठतो. त्याला खरी तरतरी येते रात्री अकरानंतर, मित्रांसोबत. ‘मोबाइलनं पोरं बिघडवली’, हा मग घरोघरचा निकाल.

मला तो मान्य नाही. वयात येताना मुलांचा कल उशिरा झोपण्याकडे झुकतो, हे झोपेच्या अभ्यासक मेरी कार्सकाडन यांनी अमेरिकेत १९९३ साली मांडलं. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला १९९५ साली! रात्रीची चाहूल देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात उशिरा वाढतं. शरीराच्या घड्याळाचे अभ्यासक टिल रोनेबर्ग यांनी २००४ मध्ये दाखवलं, की झोपेचं हे पुढं सरकणं विशीच्या सुमारास थांबतं आणि मग ते घड्याळ हळूहळू पहाटेकडे वळतं. मोबाइलच्या उजेडानं उशीर वाढतो, हे खरं. पण मुळात तो वयाचा आहे.

या भांडणाचं उत्तर आकडेवारीतही सापडत नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात करमणूक, माध्यमं आणि खेळ यांत वेळ घालवणाऱ्या, सहा वर्षं आणि त्यावरच्या माणसांची त्यात दिवसाला सरासरी १७१ मिनिटं गेल्याचं दिसलं. ती कोणत्या प्रहरी गेली, ते या सरासरीतून कळत नाही. आणि घरातलं भांडण तर प्रहरावरूनच असतं.

प्रहर ठरवण्यात वयाबरोबर सोबतीचाही हात असतो. इथं शरीराच्या घड्याळाचा अभ्यास करणारे एम. के. चंद्रशेखरन यांचं नाव घ्यायलाच हवं. आपल्याकडे या शास्त्रज्ञाची आठवण फारच कमी निघते. मदुराईजवळच्या, उजेड न पोचणाऱ्या गुहेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वटवाघळं पिंजऱ्यात ठेवली. बाहेर दिवस आहे की रात्र, हे उजेडावरून कळायला या वटवाघळांना काहीच मार्ग नव्हता. तरी गुहेतली मोकळी वटवाघळं संध्याकाळी उडून जात, पहाटे परतत, त्या ये-जा करण्यावर पिंजऱ्यातल्यांचं घड्याळ बिनचूक चाले. रिकाम्या गुहेत ठेवलेल्यांचं मात्र भरकटत गेलं. उजेड नसला तरी सोबतही वेळ लावते, हे १९८१ साली एका भारतीय गुहेत दिसलं. केवढी सुंदर गोष्ट!

माणूस वटवाघूळ नव्हे. पण दोस्तांचा घोळका जागा असताना पोराला झोप कशी यावी?

तेव्हा आजोबा, रविवारी पहाटे पाचला त्याला हाका मारू नका. संध्याकाळी सहाला तुम्ही दोघंही टक्क जागे असता. जाळं तेव्हा काढा आणि त्याला शेजारी बसवा.