जास्त मासळी हवी, तर जाळ्याची आस मोठी ठेवा

शिरूरजवळून घोड नदी वाहते, दौंड तर भीमेच्या काठावरच वसले आहे. पुढे भीमेवर उजनी धरणाचा प्रचंड फुगवटा आहे. पाण्याचा एवढा साठा असूनही अनेक मच्छीमारांची तक्रार असते की, पूर्वीसारखी मासळी मिळत नाही. मेहनत तीच, मग बरकत कुठे गेली?

प्रथम माशांच्या सवयी पाहू. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणून जाळे सरसकट एकाच खोलीवर लावून भागत नाही. बोये आणि वजने कमीजास्त करून जाळे वर किंवा खाली ठेवता येते. जाळे संध्याकाळी लावून पहाटे उचलावे. अंधारात माशाला धागा दिसत नाही, आणि लवकर उचलल्याने माल ताजा मिळतो. उथळ पाण्यात फेकजाळे उपयोगी पडते. मरळ आणि वांब यांच्यासाठी गळ बरा. गांडूळ किंवा लहान मासा हे त्याचे आमिष.

आता मुख्य मुद्दा. बारीक आसाच्या जाळ्यात बोटाएवढी पिल्लेही येतात. त्या दिवशी टोपली भरते, पण हिशेब करून पाहा. शंभर ग्रॅमची दहा पिल्ले म्हणजे एक किलो माल, तोही स्वस्तात जाणारा. चांगले खाद्य मिळाले तर कटला वर्षभरात एक किलोच्या आसपास पोहोचतो. दहापैकी पाच जरी जगली, तरी पाच किलो माल हाती येतो, आणि मोठ्या माशाला भावही चढा मिळतो. म्हणजे आज बारीक जाळे टाकणारा आपलीच उद्याची रोजी विकत असतो.

पावसाळ्याचेही असेच आहे. कटला, रोहू, मृगळ यांची वीण जून ते ऑगस्टच्या वाहत्या पाण्यात होते. एकेका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. तेवढे दिवस जाळे आवरले, तर पुढचा हंगाम सुधारतो. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी या जातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून बीज तयार करून तलावात सोडणे शक्य झाले. पण सोडलेले बीज मोठे होण्याआधीच पकडले, तर त्यावरचा खर्च वाया जातो.

विक्रीकडेही लक्ष हवे. मासळी उन्हात ठेवू नये. एक किलो मासळीला साधारण एक किलो बर्फ हवा. दौंडला रेल्वे जंक्शन आहे, शिरूर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर आहे. माल टिकला तर मिळेल त्या भावाने विकण्याची लाचारी राहत नाही.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या पुणे कार्यालयात परवाना आणि ठेक्याची चौकशी करावी. जाळे खरेदी करताना मात्र पहिली नजर किमतीवर नव्हे, आसावर टाकावी.