चिठ्ठीतला एक रकाना

25 मार्च 2020 हा देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. त्याच तारखेला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि पुढे ती डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेला परिशिष्ट म्हणून जोडली गेली. त्याआधी फोनवरून रुग्णाला सल्ला देणे नियमात बसते की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. महाराष्ट्रात तर धास्तीच होती. जुलै 2018 मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला होता. डॉक्टर हजर नसताना फोनवरून उपचार सांगितले गेले, हा त्यातला कळीचा मुद्दा. त्यानंतर बरेच डॉक्टर फोनवर 'दवाखान्यात या' एवढेच बोलू लागले होते.

नव्या तत्त्वांनी ती कोंडी फोडली. मी हा दस्तऐवज तेव्हा वाचला तो थोड्या वेगळ्या नजरेने. मी पॅथॉलॉजिस्ट. डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीचे पुढे काय होते, ते माझ्या टेबलावर दिसते. दस्तऐवजात औषधांच्या चार वर्गवाऱ्या आहेत. 'ओ' यादीतली साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. 'ए' यादीतली पहिल्या भेटीत द्यायची तर व्हिडिओ हवा. 'बी' यादीतली, आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाच्या चालू उपचारात भर म्हणून द्यायची. चौथ्या वर्गातली, म्हणजे अमली आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारी काही औषधे, ऑनलाइन लिहायचीच नाहीत. हा विचार काळजीपूर्वक केलेला आहे.

तपासण्यांच्या वाट्याला मात्र पुढच्या भेटीआधी करायच्या तपासण्या सांगता येतील असा सल्ल्याच्या ओघातला उल्लेख आणि नमुना चिठ्ठीत 'सुचवलेल्या तपासण्या' हा एक रकाना, एवढेच आले. कोणती तपासणी रुग्णाला न पाहता लिहावी, कोणती लिहू नये, याची यादी नाही. औषध पोटात जाते म्हणून धोक्याचे, रक्त तर बाहेर काढायचे, त्यात कसला धोका, असा काहीसा समज त्यामागे असावा. तो समज पुरेसा नाही, असे माझे मत आहे.

मुळात आपल्याकडे तपासणीसाठी चिठ्ठी लागतेच कुठे? गल्लीतल्या लॅबमध्ये जाऊन 'थायरॉइड करायचंय' म्हटले की सुई टोचली जाते. अहवालावर सही कुणी करायची, याबाबत कायदा बोलतो. पॅथॉलॉजीतले पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केले. तपासणी मागायची कुणी, यावर सहसा बंधन नाही. अपवाद थोडे. गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीला लिंगनिदानविरोधी कायद्याखाली 'एफ' फॉर्म भरावा लागतो आणि पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवावी लागते. एचआयव्हीच्या तपासणीला 2017 च्या कायद्याने संमती आणि समुपदेशन आवश्यक केले. करोनाच्या पहिल्या महिन्यांत चाचणीला डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची होती. मुंबई महापालिकेने ती अट जुलै 2020 मध्ये काढली. चिठ्ठी नाही म्हणून माणसे लॅबच्या दारातून परत जाताहेत, हे आपल्या शहरांनी तेव्हा पाहिले.

म्हणजे ऑनलाइन डॉक्टरची चिठ्ठी हा परवाना क्वचितच असतो. मग तिचे मोल कशात? कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवण्यात. तपासणी हा एक प्रश्न आहे, आणि प्रश्न चुकला तर अचूक उत्तरही दिशाभूल करते.

याचे गणित सोपे आहे. एखादी चाचणी रोग असणाऱ्या शंभरांपैकी नव्वदांना पकडते आणि निरोगी शंभरांपैकी नव्वदांना निरोगी म्हणते, असे धरू. हजार लोकांत दहांनाच तो रोग असेल, तर चाचणी त्यातले नऊ पकडेल. पण उरलेल्या 990 निरोगी माणसांपैकी 99 जणांनाही ती 'पॉझिटिव्ह' म्हणेल. एकूण 108 पॉझिटिव्ह, त्यात खरे रुग्ण नऊ. आता डॉक्टरांनी विचारपूस करून, तपासून, तीनशे रुग्ण असतील असे हजार निवडले, तर 340 पॉझिटिव्हपैकी 270 खरे निघतील. यंत्र तेच, रसायन तेच. फरक पडला तो रक्त घेण्याआधीच्या विचाराने.

'फुल बॉडी' पॅकेजचा घोळ याच गणितातला. बहुतेक चाचण्यांची 'नॉर्मल' मर्यादा निरोगी माणसांपैकी 95 टक्के तिच्यात बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एका ठणठणीत माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता 64 टक्के भरते. अहवालात तो आकडा ठळक छापून येतो, मग त्याचा पाठपुरावा, मग सोनोग्राफी, मग झोप उडणे. आमच्या नात्यातल्या एका बाईंना केस गळतात म्हणून ऑनलाइन सल्ला घेतल्यावर साठाहून अधिक घटकांचे पॅकेज लिहून आले होते. बोलणे सात मिनिटांचे. केसांसाठीच्या गोळ्या त्या आधीपासून घेत होत्या, हे कुणी विचारले नाही. त्या गोळ्यांत बायोटिन असते, आणि ते जास्त मात्रेत असेल तर थायरॉइड मोजण्याच्या काही पद्धतींत टीएसएच खोटेच कमी आणि टी-फोर खोटेच जास्त दिसते. अहवालाने त्यांना थायरॉइडचा आजार बहाल केला. गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिले, तेव्हा तो गेला.

या उदाहरणावरून ऑनलाइन सल्ला मोडीत काढणे मात्र अन्यायाचे होईल. हाच प्रश्न फोनवरही विचारता आला असता, आणि समोरासमोर बसलेले डॉक्टरही तो विसरतात. काही आजारांत तर सारे बोलण्यातच मिळते. पावसाळ्यात ताप आला की ताप कितवा दिवस आहे यावर तपासणी ठरते. डेंग्यूत पहिल्या पाचएक दिवसांत एनएस-वन उपयोगी, नंतर आयजीएम. टायफॉइडच्या संशयात प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर हवे. आपल्याकडे सर्रास होणारी विडाल चाचणी पहिल्या आठवड्यात फारसे सांगत नाही, आणि जुन्या संसर्गाने किंवा लसीनेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. हे सगळे चांगला डॉक्टर पडद्यावरून ठरवू शकतो, आणि तापाने फणफणलेल्या माणसाचा रिक्षाचा फेरा वाचतो. मधुमेहींचेही तसेच. फक्त रक्तात लोह कमी असेल तर एचबीएवनसी वाढलेले दिसू शकते आणि सिकलसेलच्या रुग्णात त्यावर भरवसा ठेवता येत नाही. नंदुरबार किंवा गडचिरोलीचा रुग्ण असेल तर तो प्रश्न आधी विचारायलाच हवा.

हाताशिवाय अडते ते दुसरीकडे. मानेत गाठ आहे असे रुग्ण सांगतो. ती दुखते का, सरकते का, दगडासारखी टणक आहे का, हे बोटांनी कळते. टणक, न दुखणारी, वाढत चाललेली गाठ असेल तर थेट सुईची तपासणी, एफएनएसी, लागते. ऑनलाइन चिठ्ठीत बहुधा सीबीसी आणि ईएसआर येतात. ते नॉर्मल आले की रुग्ण निर्धास्त होतो आणि दोन महिने जातात. मला खोट्या पॉझिटिव्हपेक्षा या खोट्या दिलाशाची जास्त भीती वाटते.

पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. 'कट' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. 2002 ची आचारसंहिता रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेण्यास मनाई करते. महाराष्ट्र सरकारने 2017 मध्ये कट-प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार केला होता, तो कायदा झाला नाही. आता कट देण्याची गरजच उरत नाही अशी रचना येते आहे. 2021 मध्ये औषधे घरपोच देणाऱ्या फार्मइझीच्या मूळ कंपनीने नवी मुंबईच्या थायरोकेअरमधला 66 टक्क्यांहून अधिक हिस्सा सुमारे साडेचार हजार कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. सल्ला, औषध आणि लॅब एकाच छपराखाली येणे बेकायदा नाही, सोयीचेही आहे. पण चिठ्ठीखालीच 'आता बुक करा' हे बटण असेल, तर रुग्णाने एक प्रश्न जरूर विचारावा: हा रिपोर्ट असा आला तर तुम्ही काय कराल, आणि तसा आला तर काय? दोन्हींना उत्तर एकच असेल, तर ती तपासणी कशासाठी?

सरकारी ई-संजीवनीत मला एक गोष्ट आवडते. तिच्या एका प्रकारात गावातल्या आरोग्यकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसतो आणि दूरच्या डॉक्टरशी बोलतो. रक्तदाब घेणारे, पायावरची सूज दाबून पाहणारे दोन हात तिथे असतात.

चिठ्ठीनंतर घरी रक्त घ्यायला येणारा मुलगाही या साखळीतला महत्त्वाचा दुवा आहे. साखरेचे रक्त फ्लोराइडच्या, राखाडी झाकणाच्या नळीत घेतले नाही आणि ते तासन् तास दुचाकीवर फिरले, तर पेशी साखर खात राहतात आणि आकडा उतरतो. रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढते.

पोटॅशियमवरून एक रात्र आठवते. साडेनऊला एका सॅम्पलचा आकडा 6.8 आला. पुन्हा लावला, तेवढाच. पेशी फुटलेल्या नव्हत्या. अशा जीवघेण्या आकड्याला आम्ही अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करतो. चिठ्ठी ऑनलाइन होती. तिच्यावर नियमाप्रमाणे नाव होते, नोंदणी क्रमांक होता. दूरध्वनी मात्र कंपनीच्या ग्राहकसेवेचा. तिथला मुलगा सौजन्याने म्हणाला, "मॅडम, डॉक्टरांचा स्लॉट उद्या सकाळी अकराचा आहे." मग सॅम्पलच्या अर्जावरचा रुग्णाचाच नंबर लावला. मुलीने उचलला. बाबा जेवायला बसलेत म्हणाली. त्यांना ताटावरून उठवून जवळच्या रुग्णालयात न्या, गेल्या गेल्या ईसीजी काढायला सांगा आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या, एवढे तिच्याकडून दोनदा वदवून घेतले. ईसीजीत बदल दिसले आणि त्यांना रात्रीच अतिदक्षता विभागात घेतले. चौथ्या दिवशी ते घरी गेले.

त्यानंतर आमच्या लॅबच्या अर्जात एक ओळ वाढली: 'रात्री ज्यांना फोन करता येईल अशा डॉक्टरांचा क्रमांक.' ऑनलाइन चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्यांची ती ओळ बहुतेकदा कोरीच असते. आमची मुलगी मग तिथे घरातल्या कुणाचा तरी नंबर लिहून घेते.