भाकरी, रक्तवाढीची गोळी आणि ग्रीन टी

आजचा एपिसोड जरा घरचा आहे. विषय ग्रीन टीचा, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

मी पुण्यात आयटीत आहे, घर परभणी जिल्ह्यात, सेलूला. दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात ग्रीन टीची लाटच आली होती. पॅन्ट्रीत डबे, प्रत्येकाच्या डेस्कवर दोरी लोंबणारा कप. आईचं वजन वाढलेलं, कोलेस्टेरॉलही थोडं वर. म्हटलं, घ्या उपाय! दिवाळीला चार डबे घेऊन गेलो आणि सांगून आलो, "जेवण झालं की लगेच एक कप. पचन होतं, चरबी जळते." आई म्हणाली, "हे कडू पाणी कामून पाजायलास रे?" पण पोरानं आणलंय म्हणून प्यायला लागली. दोन्ही वेळच्या भाकरीनंतर, न चुकता.

पुढे तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ९.२ निघालं. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर ९.४. म्हणजे हललंच नाही म्हणा. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधी घेता, कशासोबत?" आई सहज म्हणाली, "जेवण झालं की, ह्याच्या चहासोबतच."

मी शेजारीच बसलो होतो. रोज लोकांच्या कोडमधले बग शोधतो, आणि हा बग मीच घरात डिप्लॉय केलेला!

झालं काय ते सांगतो. साधा चहा आणि ग्रीन टी ही एकाच झाडाची पानं. साध्या चहाची पानं तोडल्यावर चुरगाळून हवेवर ठेवतात, ती काळी पडतात. ग्रीन टीची पानं लगेच वाफवतात किंवा कढईत भाजतात, त्यामुळे ती हिरवी राहतात आणि त्यांतली कॅटेचिन नावाची द्रव्यं जास्त टिकतात. ग्रीन टीचं जे काही कौतुक आहे ते मुख्यतः ह्याच कॅटेचिनचं. आणि गंमत बघा, हीच मंडळी पोटात लोहाला धरून ठेवतात. भाकरी, डाळ, मेथी ह्यांतलं लोह मग रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. मटणातल्या लोहाला हा त्रास फार कमी, पण आई माळकरी. तिचं सगळं लोह भाकरी-भाजीतलं, आणि वरून ती गोळी.

ब्रिटनमध्ये २०१७ साली एक छोटा अभ्यास झाला, फक्त १२ तरुणींवर. लोह मिसळलेल्या लापशीसोबतच चहा दिला तर लोहाचं शोषण साधारण ३७ टक्क्यांनी घटलं. तोच चहा एक तासानं दिला तर घट बरीच कमी झाली. म्हणजे मुद्दा चहा प्यायचा की नाही हा नाही. मुद्दा वेळेचा आहे. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत हेच सांगितलंय: जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी नको.

आपल्या परभणीत ह्या गोष्टीला एक वेगळीच किनार आहे. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅटसोबत 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण काढला, २०१८ साली. साध्या ज्वारीत किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम लोह असतं, ह्याच्यात ४५ च्या आसपास. कशासाठी? कारण महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तो आकडा ५४.२ टक्के होता. म्हणजे इकडे आमचे शास्त्रज्ञ भाकरीत लोह वाढवायला वर्षं घालवतात, आणि तिकडे मी त्या भाकरीवर ते अडवणारा चहा ओततो. (दुधाचा चहा पिणाऱ्यांनी हसू नये. जेवणावर लगेच तो घेतला तरी हेच होतं.)

बरं, मग ग्रीन टीचे फायदे खोटे का? नाही हो. पण मोजून सांगायला हवेत.

जपानच्या मियागी भागात ४०,५३० लोकांचा ११ वर्षं पाठपुरावा केला गेला, निकाल २००६ ला आले. दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्यांमध्ये, एक कपही न पिणाऱ्यांच्या तुलनेत, एकूण मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी. फायदा मुख्यतः हृदयविकार आणि पक्षाघाताच्या बाबतीत. कॅन्सरच्या मृत्यूत फरक दिसला नाही. पण हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास. पाच कप पिणारा जपानी माणूस मासे किती खातो, चालतो किती, हेही त्यात मिसळलेलंच असतं. शिवाय ते बिनसाखरेचा पितात. आमच्या गल्लीत एकानं ग्रीन टी दूध-साखर घालून उकळलेला मी ह्या डोळ्यांनी बघितलाय.

कोलेस्टेरॉलचं बोलायचं तर २०११ मध्ये १४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल सरासरी २ च्या आसपास उतरलं. १५० चं १४८! आणि वजन? २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात जपानबाहेरच्या अभ्यासांमध्ये सरासरी घट निघाली ०.०४ किलो, म्हणजे ४० ग्रॅम. चार डब्यांचे पैसे आठवले मला.

एक मात्र गंभीरपणे सांगतो. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल 'फॅट बर्नर' म्हणून विकतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांतल्या मुख्य कॅटेचिनचा डोस दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या पुढे गेला की यकृताला इजा झाल्याची लक्षणं दिसू शकतात, असं युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१८ साली सांगितलं. कपातल्या चहाची गोष्ट वेगळी.

प्यायचाच असेल तर पाणी उकळू द्या, मग तीन-चार मिनिटं थांबा, मग पानं टाका, दोन मिनिटांत गाळा. खळखळ उकळलात तर कडू होणारच, त्यात चहाचा दोष नाही.

आईचं आता असं चाललंय: गोळी सकाळी लिंबूपाण्यासोबत, कारण सी जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. भाकरीसोबत लिंबाची फोड. चहा दुपारी चारला. पुढच्या तीन महिन्यांत हिमोग्लोबिन १०.८ झालं. नुसत्या वेळ बदलण्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी रक्त कमी होण्याची बाकीची कारणंही तपासली, आहारही बदलला. गोळ्या अजून चालू आहेत, पुढची तपासणी जूनमध्ये.

आणि चार वाजता ती काय पिते, तर गवती चहा आणि आलं घातलेला दुधाचा चहा. उरलेले दोन डबे तिनं मला परत पुण्याला पाठवले, लोणच्याच्या बरणीसोबत.